'निरपेक्षता' आणि अमेरिकेतला गुलामगिरीविरोध : यादवीआधी कोण कशासाठी उभं राहिलं?

बोरू (धागाकर्ता)

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. गुलामांना दास्यातून सोडवताना त्या लोकांनी औदार्य, निरपेक्षता आणि परोपकारबुद्धी दाखवली म्हणून हे पुस्तक त्यांना नजर, असं त्या अर्पणपत्रिकेत आहे. कॉलेजात असताना ती वाचली आणि तेव्हापासून डोक्यात आहे. गेलं वर्षभर मी अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधीच्या पंधरा-वीस वर्षांचं राजकारण वाचतोय, आणि त्या तीन शब्दांतला मधला शब्द सारखा आडवा येतोय. गुलामगिरीच्या विरोधात मत टाकणारे लाखो लोक खरंच निरपेक्ष होते का? जेवढं समजलं तेवढं मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात डेव्हिड विल्मटपासून करतो, कारण सगळा गुंता या एका माणसात दिसतो. ऑगस्ट १८४६. मेक्सिकोशी युद्ध सुरू होऊन तीन महिने झाले होते आणि राष्ट्राध्यक्ष पोक यांनी वाटाघाटींसाठी संसदेकडे २० लाख डॉलर मागितले. विल्मट पेनसिल्व्हेनियाचा, पोक यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा, पहिल्यांदाच निवडून आलेला. त्याने त्या विधेयकाला एक शेपूट जोडलं : मेक्सिकोकडून जी काही जमीन मिळेल तिथे गुलामगिरी असणार नाही. कनिष्ठ सभागृहात उत्तरेच्या, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यांच्या, मतांवर ते पास झालं, सिनेटमध्ये अडकलं. पण त्या दिवसापासून पुढची १५ वर्षं अमेरिकेचं राजकारण याच एका वाक्याभोवती फिरत राहिलं.

आता हा विल्मट स्वतः काय म्हणत होता? गुलामांबद्दल आपल्याला कसलाही हळवा कळवळा नाही, हे त्याने सभागृहात उभं राहून सांगितलं. आपण बोलतोय ते गोऱ्या, स्वतंत्र माणसाच्या हक्कासाठी. आपल्या वंशाच्या, आपल्या रंगाच्या कष्टकऱ्यांच्या मुलांना एक चांगला मुलूख राखून ठेवायचाय, गुलामांच्या शेजारी राबण्याची नामुष्की त्यांच्यावर येऊ नये, एवढंच. आपल्या प्रस्तावाला त्याने 'गोऱ्या माणसाचा प्रस्ताव' असंच म्हटलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो.

पण थोडं त्या ओहायोच्या किंवा इंडियानाच्या शेतकऱ्याच्या जागी बसून बघू. घरात तीन-चार मुलगे, जमीन एकाला पुरेल एवढीच. बाकीच्यांनी पश्चिमेला जायचं हे ठरलेलं. तिथे पन्नास गुलाम घेऊन एखादा मळेवाला आधी पोचला, तर नदीकाठची काळी कसदार जमीन तो घेणार. मजुरी द्यायची नसल्यामुळे त्याचा माल स्वस्त. शाळा, रस्ते, वर्तमानपत्रं यांची त्याला गरज नाही. आणि जिथे अंगमेहनत म्हणजे गुलामाचं काम, तिथे स्वतःच्या हाताने नांगर धरणाऱ्याला कोण विचारतो? 'फ्री सॉइल', म्हणजे गुलामगिरीमुक्त जमीन, ही घोषणा या पोटातल्या भीतीतून आली होती.

१८४८ मध्ये बफेलोला या लोकांनी वेगळा पक्ष काढला. उमेदवार कोण, तर मार्टिन व्हॅन ब्यूरेन, माजी राष्ट्राध्यक्ष. सत्तेवर असताना याच गृहस्थांनी राजधानीतली गुलामगिरी उठवण्याला विरोध केला होता! आता त्यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाचा पक्षातल्या दक्षिणेच्या नेत्यांवर राग होता. १८४४ मध्ये त्यांची उमेदवारी त्याच लोकांनी कापली होती. म्हणजे एका मांडवात जुना हिशेब चुकता करायला आलेले पुढारी, जमीन हवी असलेले शेतकरी, गुलामगिरीला पाप मानणारे लिबर्टी पक्षाचे लोक, आणि श्रोत्यांत स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस. लिबर्टी पक्षाला १८४४ मध्ये जेमतेम ६२ हजार मतं पडली होती. या खिचडी पक्षाला चार वर्षांनी २ लाख ९० हजारांवर पडली. पाप-पुण्याच्या भाषेत जे जमलं नव्हतं ते जमिनीच्या भाषेत जमलं.

दुसरा धागा सत्तेचा. राज्यघटनेतच तरतूद होती की प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांची तीन माणसं धरायची. मत गुलामाला नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जास्तीच्या जागा. राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या ७२ वर्षांतली जवळपास ४९ वर्षं त्या खुर्चीत गुलाम बाळगणारा माणूस होता. १८३६ पासून १८४४ पर्यंत कनिष्ठ सभागृहात गुलामगिरीविरोधी अर्जांवर चर्चाच होऊ द्यायची नाही, असा नियम होता. जॉन क्विन्सी अॅडम्स, राष्ट्राध्यक्षपद भोगून पुन्हा साधे खासदार झालेले म्हातारे गृहस्थ, त्या नियमाशी वर्षानुवर्षं झुंजले. आणि इथे एक गंमतीची नव्हे, महत्त्वाची गोष्ट घडली : ज्यांना गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनाही वाटायला लागलं की हे मळेवाले आता *आमचं* तोंड बंद करतायत. 'स्लेव्ह पॉवर', गुलाममालकांची सत्ता, हा शब्द घरोघरी पोचला तो असा.

मग १८५० चा पळून गेलेल्या गुलामांचा कायदा : उत्तरेत पळून आलेल्यालाही पकडून मालकाकडे परत द्यायचं. यातलं एकच कलम सांगतो. पकडून आणलेला माणूस गुलाम आहे की नाही हे ठरवायला आयुक्त. त्याने माणसाला मालकाच्या ताब्यात दिलं तर फी १० डॉलर, सोडून दिलं तर ५ डॉलर. सरकारचं म्हणणं, कागदपत्रं जास्त लागतात म्हणून. उत्तरेतल्या साध्या माणसाला मात्र यात सरळ लाच दिसली.

२ जून १८५४ ला बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स नावाच्या, गुलामीतून पळून आलेल्या तरुणाला परत पाठवण्यासाठी कोर्टापासून धक्क्यापर्यंत चालवत नेलं. एका माणसाला नेण्यासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सैनिक, तोफ, आणि बघायला सुमारे ५० हजारांचा जमाव. दुकानांवर काळं कापड. स्टेट स्ट्रीटवर वरती एक शवपेटी टांगलेली, तिच्यावर शब्द : स्वातंत्र्य. आमोस लॉरेन्स नावाचे बॉस्टनचे गिरणीवाले श्रीमंत व्यापारी, दक्षिणेच्या कापसावर धंदा असलेले, त्या दिवसांबद्दल लिहितात की रात्री आम्ही झोपलो ते जुन्या वळणाचे, तडजोडवादी लोक म्हणून, आणि सकाळी उठलो ते गुलामगिरीविरोधाने पेटलेले. हा बदल हिशेबाने झाला असं मला वाटत नाही. त्यांचा हिशेब तर उलट बाजूला होता.

म्हणून सगळं स्वार्थाच्या खात्यावर टाकायला मी तयार नाही. लिंकनचंच घ्या. १८४१ मध्ये बोटीने प्रवास करताना त्यांनी बारा गुलाम पाहिले, दक्षिणेला विकायला चाललेले. सहा-सहा जण एका साखळीत, गळाच्या दोरीला मासे लावावेत तसे. त्यातल्या एकाला विकलं होतं कारण त्याचा बायकोवर फार जीव होता, आणि तो बोटीवर जवळजवळ अखंड फिडल वाजवत होता. त्या वेळच्या पत्रात लिंकन हे बऱ्यापैकी अलिप्तपणे लिहितात, एवढ्या दुःखातही ही माणसं आनंदी कशी, असं नवल करतात. पण १८५५ मध्ये, त्याच प्रवासातल्या सोबत्याला, जोशुआ स्पीडला, लिहितात की ते दृश्य मला सतत छळत आलंय. दृश्य तेच, माणूस तोच, मधे १४ वर्षं. आणि हेच लिंकन १८५८ मध्ये चार्ल्सटनच्या जाहीर वादात सांगतात की काळ्यांना मताचा हक्क द्यावा, ज्युरीवर घ्यावं, या मताचा मी नाही.

माझं मत असं : हेतू शुद्ध की अशुद्ध यापेक्षा तो *कुठे थांबतो* हे बघावं. ज्याचा विरोध जमिनीसाठी होता तो जमीन मिळाल्यावर थांबला. ऑरेगॉनमध्ये १८५७ साली लोकांनी एकाच दिवशी दोन कौल दिले. गुलामगिरी नको, सुमारे तीन विरुद्ध एक. स्वतंत्र काळ्या माणसांनीही इथे येऊन राहू नये, सुमारे आठ विरुद्ध एक. दुसरं बहुमत पहिल्यापेक्षा मोठं आहे, याकडे लक्ष द्या.

---

त्रिज्या

बोरू, मेहनतीने लिहिलंय, पण एक शंका. आम्ही तर असं ऐकत आलोय की भांडण मुळात जकातीचं आणि राज्यांच्या अधिकारांचं होतं, गुलामगिरी नंतर चिकटवली. उत्तरेला कारखान्यांसाठी जास्त जकात हवी होती, दक्षिणेला नको होती. त्यात तथ्य नाही का?

---

बोरू

त्रिज्या, जकातीचा वाद खरा होता, १८३२ मध्ये तर फार पेटला होता. पण १८५७ मध्ये जकात चांगलीच उतरली होती, तरी तीन वर्षांत देश फुटला. साउथ कॅरोलायनाने डिसेंबर १८६० मध्ये फुटण्याची कारणं लिहून जाहीर केली, त्यात मुख्य तक्रार काय, तर उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप आहे असं सरळ लिहिलं.

राज्यांच्या अधिकारांचं तर उलटंच आहे. १८५४ मध्ये मिलवॉकीत जोशुआ ग्लोव्हर नावाच्या पळून आलेल्या गुलामाला लोकांनी तुरुंग फोडून सोडवलं. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० चा कायदाच घटनाबाह्य ठरवला. तेव्हा राज्याचा अधिकार सांगत होतं विस्कॉन्सिन, आणि केंद्राचा बडगा हवा होता दक्षिणेला. १८५९ मध्ये केंद्राच्या न्यायालयाने विस्कॉन्सिनला गप्प केलं.

---

काळी माती

आमची कापसाची शेती आहे, यवतमाळकडे. आजोबा म्हणायचे, कापसाला सोन्याचा भाव एकदाच आला, अमेरिकेत लढाई झाली तेव्हा. त्यांनीही ते त्यांच्या आज्याकडून ऐकलेलं. खानदेश-वऱ्हाडाचा कापूस मुंबईत जाऊन तिथून लँकेशायरला, आणि १८६५ ला लढाई संपली तसा मुंबईचा शेअरबाजार कोसळला, एवढं माहीत होतं. पण त्याआधी तिकडचा कापूस कोण पिकवत होतं, कोणासाठी, हे कधी नीट विचारात घेतलं नव्हतं.

एक प्रश्न आहे. उत्तरेतल्या गिरण्याही त्याच कापसावर चालत होत्या ना? मग गिरणीवाला गुलामगिरीच्या विरोधात कसा जाईल? कापूस वेचणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे. बोंडाच्या काट्यांनी बोटं फाटतात. ते काम फटक्याखाली करून घेणारा आणि ते कापड विकणारा, दोघांचं पोट एकाच ठिकाणी.

---

बोरू

काळी माती, नेमका मुद्दा धरलात. बहुतेक गिरणीवाले विरोधात नव्हतेच. मॅसॅच्युसेट्समध्ये व्हिग पक्षच (डेमोक्रॅटांचा तेव्हाचा मुख्य विरोधक) यावर फुटला : गिरण्यांशी बांधलेले ते 'कॉटन व्हिग', सदसद्विवेकाला स्मरून बोलणारे ते 'कॉन्शन्स व्हिग'. त्यातल्या चार्ल्स समनरने १८४८ मध्ये मागाचे मालक आणि चाबकाचे मालक यांची युती म्हणून जाहीर टीका केली होती. न्यूयॉर्कचे दलाल, जहाजवाले, बँका, सगळे दक्षिणेच्या बाजूने झुकलेले. १८६० पर्यंत अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त कापूस होता, आणि जवळपास ४० लाख माणसं मालमत्ता म्हणून लिहिलेली होती. पैसा बघितला तर विरोध न करण्यात फायदा होता. म्हणूनच लॉरेन्ससारख्याचं उलटणं मला मोलाचं वाटतं.

---

देवराई

लॉरेन्सचं नाव निघालंय म्हणून लिहिते. मी कॅन्ससमध्ये लॉरेन्स याच गावात नऊ वर्षं राहतेय, गाव त्यांच्याच नावाचं आहे. मुख्य रस्त्याचं नाव मॅसॅच्युसेट्स स्ट्रीट. संध्याकाळी तिथून चालताना दर वेळी वाटतं, कुठून कुठे येऊन वसले हे लोक. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ठरवलं की इथे गुलामगिरी हवी की नको हे रहिवासी ठरवतील. १८२० च्या तडजोडीने जी रेघ आखली होती, जिच्या उत्तरेला गुलामगिरी नको असं ठरलं होतं, ती पुसली गेली. मग दोन्ही बाजूंनी माणसं आणून ओतली. लॉरेन्स यांनी पैसा दिलेल्या कंपनीने न्यू इंग्लंडमधून, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या बाजूच्या ईशान्येकडच्या राज्यांतून, माणसं पाठवली. मे १८५६ मध्ये गुलामगिरीवाल्यांनी गावावर चालून येऊन इथलं हॉटेल जाळलं, छापखान्यांचे खिळे नदीत फेकले.

इथे सगळे 'फ्री स्टेट'च्या, म्हणजे गुलामगिरीमुक्त राज्य मागणाऱ्यांच्या, शौर्याच्या गोष्टी सांगतात. पण याच लोकांनी डिसेंबर १८५५ मध्ये टोपेका गावी लिहिलेल्या आपल्या राज्यघटनेसोबत काळ्यांना प्रवेशबंदीवर कौल घेतला होता. बंदीच्या बाजूने १,२८७, विरोधात ४५३. न्यू इंग्लंडचे लोक थोडे होते, इंडियाना-इलिनॉय-मिसुरीकडून आलेले जास्त.

बोरू, तुमचं 'हेतू कुठे थांबतो' हे मला पटलं, पण एक उदाहरण त्यात बसत नाही. जिम लेन. इंडियानाहून आलेला, आधी त्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यालाच मत दिलेला खासदार. टोपेकात तो बंदीच्या बाजूने होता. आणि याच लेनने १८६२ मध्ये, वरून परवानगी नसताना, काळ्या सैनिकांची पलटण उभी केली. ऑक्टोबर १८६२ मध्ये मिसुरीत आयलंड माउंडला ती पलटण लढली. या युद्धात काळे सैनिक संघटित तुकडी म्हणून लढल्याची ती पहिली वेळ मानतात. लेन महत्त्वाकांक्षी होता, त्याला माणसं हवी होती, हे खरं. पण सहा-सात वर्षांत तो जिथून जिथे आला ते अंतर मोठं आहे. काही हेतू थांबत नाहीत, वाटेत बदलतात.

---

उंबरठा

सगळं वाचलं. थोडं कडक बोलते, राग मानू नका.

अख्खा धागा गोऱ्यांच्या मनात काय होतं यावर चाललाय. ज्यांच्या पायात बेडी होती त्यांच्या हेतूची चर्चा कोणी करत नाही, कारण ती करायची गरजच पडत नाही. पण मग 'राजकीय विरोध' म्हणजे फक्त मतपेटी आणि संसद असा अर्थ होतो, आणि तो अपुरा आहे. बर्न्सला बॉस्टनमध्ये का पकडलं? कारण तो व्हर्जिनियातून पळाला. ग्लोव्हर पळाला. डग्लस पळाले. हे लोक पळाले नसते तर १८५० चा कायदा आणावा लागला नसता, कायदा नसता तर बॉस्टनला तो दिवस बघावा लागला नसता, आणि लॉरेन्ससाहेबांची झोप मोडली नसती. विरोधाची सुरुवात तिथून मोजा.

आणि पळून आलेल्यांच्या मागे माणसं होती. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल, स्वतः काळे, शेकडो लोकांना लपवून पुढे पाठवत होते आणि प्रत्येकाची हकीगत लिहून ठेवत होते : नाव, मालक, कुठून आला, घरचं कोण मागे राहिलं. का लिहून ठेवत होते? ताटातूट झालेल्यांना पुढे एकमेकांचा माग लागावा म्हणून. त्यांच्यासमोर एकदा घरच्यांचा शोध घेत एक माणूस आला, हकीगत सांगू लागला, आणि आईवडिलांची नावं ऐकताना स्टिल यांच्या लक्षात आलं की हा आपला सख्खा मोठा भाऊ पीटर आहे. आई मुलींना घेऊन पळाली तेव्हा मुलगे मागे राहिले होते. चाळीस वर्षांनी भेट. हे १८५० सालचं. त्याच साली तो कायदा आला.

डग्लस यांना विल्मट कसा आहे हे माहीत नव्हतं का? पुरतं माहीत होतं. तरी ते बफेलोला गेले. फ्री सॉइलवाल्यांची, पुढे रिपब्लिकनांची, ते कडक चिकित्सा करत राहिले आणि जिथे दार किलकिलं होतं तिथे पाय घालत राहिले. दुसऱ्याचा स्वार्थ आपल्या कामाला जुंपणं हेही राजकारणच आहे, आणि ते काळ्या नेत्यांनी डोळे उघडे ठेवून केलं.

---

बोरू

उंबरठाताई, राग कसला. मी जिथून मोजायला सुरुवात केली तीच जागा चुकली, हे मान्य. पीटर स्टिलची गोष्ट मला माहीत नव्हती. देवराईताई, लेनचंही मान्य.

तुमचं दोघींचं वाचून काल पुन्हा ती अर्पणपत्रिका काढून बसलो. मी इतके दिवस ती इतिहासाचा निकाल म्हणून वाचत होतो आणि निकाल चुकलाय का हे तपासत होतो. पण तिचं दुसरं अर्धं वाक्य आहे : माझे देशबांधव या स्तुत्य कृत्याचा कित्ता घेतील आणि शूद्र बांधवांना ब्राह्मणांच्या दास्यातून मुक्त करतील, अशी आशा. कित्ता. पाटीवर वरच्या ओळीत गुरुजी वळणदार अक्षर काढून देतात, खाली आपण गिरवायचं. फुले 'निरपेक्षता' हा शब्द विल्मटला प्रशस्तिपत्र म्हणून देत नव्हते. ते पुण्याच्या पाटीवर वरची ओळ काढून देत होते.

आणि ती ओळ गिरवणं अमेरिकेलाही जमलं नाही. १८७७ मध्ये दक्षिणेतलं उरलंसुरलं सैन्य मागे घेतलं आणि नव्याने मताचा हक्क मिळालेल्या माणसांना जुन्या मालकांच्या हाती सोडलं. पुस्तक छापून तेव्हा चारच वर्षं झाली होती.

---

सप्तर्षी

उशिरा आलो. मी पेनसिल्व्हेनियात असतो, म्हणून या धाग्यातल्या पहिल्या माणसाबद्दल थोडं सांगतो.

विल्मटची कबर टोवांडा या गावी आहे. दोन वर्षांपूर्वी त्या बाजूला गेलो होतो तेव्हा बघितली. दगडावर त्याच्या त्या प्रस्तावाचे शब्द कोरलेत : गुन्ह्याची रीतसर शिक्षा सोडली तर त्या प्रदेशाच्या कुठल्याही भागात गुलामगिरी किंवा सक्तीचं दास्य असणार नाही. हे शब्द त्याचे स्वतःचेही नाहीत, १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यातून घेतलेले. आणि १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीत जवळजवळ तेच शब्द पुन्हा आले, फक्त आता 'त्या प्रदेशात' ऐवजी सगळ्या देशात. गोऱ्यांच्या जमिनीसाठी लिहिलेल्या वाक्याने शेवटी ४० लाख माणसं मोकळी झाली.

त्याच राज्यात खाली लँकेस्टरला थॅडियस स्टीव्हन्सची कबर आहे. संसदेत काळ्यांच्या समान हक्कासाठी शेवटपर्यंत भांडलेला माणूस. गावातल्या मोठ्या स्मशानभूमींत काळ्यांना जागा नव्हती, म्हणून त्याने मुद्दाम ही लहानशी, सगळ्यांना खुली असलेली जागा निवडली, आणि तसं दगडावर लिहून ठेवायला सांगितलं : एकांत आवडतो म्हणून नव्हे, बाकीच्या ठिकाणी वंशाची अट आहे म्हणून मी इथे आहे, जन्मभर जे सांगत आलो ते मरणातही दिसावं म्हणून.

दोघेही १८६८ मध्येच गेले. विल्मट मार्चमध्ये, स्टीव्हन्स ऑगस्टमध्ये. लँकेस्टरची ती जागा आता घरांच्या मधोमध आहे. मी गेलो तेव्हा फाटक नुसतं लोटलेलं होतं.